दिवसाढवळ्या पेटलेले खांब

विशाखाचा लॅपटॉप चालू केला की दर वेळी त्यात एक जानेवारी दोन हजार सात उजाडायची. आतली गुंडीएवढी बॅटरी कधीच मेलेली. त्यामुळं त्या यंत्राला ना काळ राहिला होता ना वेळ. बरं, तारीख चुकीची असली की एकही वेबसाइट त्याला दारात उभं करायची नाही. मग आधी हातानं तारीख घालायची, साल घालायचं, वेळ घालायची. आणि एवढं करून इंटरनेट कुठंय? तर कुठंच नाही.

"त्याला बी त्या सालाच्या फुडं येऊ वाटंना का?" अंगणातल्या बाजेवरून चांगुणानं विचारलं.

विशाखानं आईकडं पाहिलं आणि तोंडावर आलेलं गिळलं. ज्या बाईनं त्र्याण्णवच्या भूकंपापासून छताखाली पाठ टेकली नव्हती, थंडीपावसात अंगणातल्या पत्र्याखाली बाज टाकून झोपत होती, ती लॅपटॉपला नावं ठेवत होती.

सोमवारी सकाळी अकराला विशाखाचा डेमो होता. क्लासवाल्यांच्या दुनियेत डेमो म्हणजे पोरगी दाखवायचा कार्यक्रम. मालक समोर बसणार, आपण अर्धा तास शिकवून दाखवायचं, आणि पोहे न खाता 'कळवतो' म्हणून तो उठून जाणार. हा क्लास नांदेडचा होता. साथीनं सगळं बंद झाल्यावर त्यानं घरबसल्या शिकवायची बॅच काढली होती आणि फिजिक्सला माणूस हवा होता. अट एकच, डेमो लॅपटॉपवरूनच. मोबाईलवर शिकवणारा मास्तर नको. पडद्यावर पेननं लिहून गणित सोडवून दाखवायचं, आणि चित्र अडकता कामा नये.

ही नोकरी विशाखाला पाहिजे होती असं म्हणणं म्हणजे बुडत्याला काठ पाहिजे होता म्हणण्यासारखं आहे. लातुरात ती अकरा वर्षं शिकवत होती. ज्या शहरात मोकळी भिंत सापडत नाही, जिथं भिंत तिथं मार्कवाल्या पोरांचे फोटो आणि पोरांपेक्षा सरांचा फोटो मोठा, त्या शहरात तिचा फोटो कधी लागला नाही. आडनाव ऐकलं की मालकलोक गोड हसायचे आणि म्हणायचे, "मॅडम, तुम्ही रिपीटरची बॅच घ्या." म्हणजे एकदा नापास झालेल्यांची. त्या नापासांना तिनं डॉक्टरकीला पाठवलं, तरी बोर्डावर नाव सरांचंच. यंदा मार्चमध्ये हॉस्टेलं रिकामी झाली, पोरं गाठोडी घेऊन गावाकडं गेली, आणि मालकानं मोबाईलवर एक ओळ पाठवली, पुढील सूचना येईपर्यंत येऊ नये. पुढील सूचना आलीच नाही. आली ती खोलीवाल्याची, खोली रिकामी करा म्हणून.

मग ती गावी आली. पुस्तकांचं पोतं, हा लॅपटॉप, आणि पाठीमागं आख्खं आयुष्य पुसल्यासारखं मोकळं.

कारळ्याच्या शिवेवर ग्रामसमितीची माणसं रुमाल बांधून बसलेली. त्यांनी तिच्या डाव्या हातावर शिक्का मारला. घराबाहेर पडायचं नाही. घरात आई आहे म्हणून आईच्याही हातावर मारला. ठीक आहे, रोग मोठा होता, नियम सगळ्यांना. पण त्याच आठवड्यात पाटलांच्या आळीतला एक पोरगा पुण्याहून आला होता, तो शिक्का रुमालाखाली झाकून पारावर पत्ते खेळत होता. त्याला कुणी काही म्हणालं नाही. वस्तीत मात्र सकाळ-संध्याकाळ एक जण यायचा आणि लांबूनच ओरडून बघून जायचा, "चांगुणे, आत हाईत ना दोघी?"

शिवू नका, लांब बसा, आमच्या नळाला हात लावू नका. हे चांगुणानं आयुष्यभर ऐकलं होतं. फरक एवढाच, की यंदा त्यावर सरकारी शाई होती.

आता ते नवं कारळा कसं वसलंय ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जुनं गाव भूकंपात सपाट झालं. मोठ्यांची दगडामातीची जड माळवदं होती, ती झोपलेल्या माणसांवर बसली. वस्तीतल्या लोकांची घरं कुडाची, ती पडली तरी माणसं अंग झटकून उठली. चांगुणाचा नवरा मात्र गेला, कारण त्या रात्री तो आपल्या घरी नव्हता, मालकाच्या वाड्यात राखणीला झोपला होता. सकाळ व्हायच्या आत वस्तीतली माणसं धावली आणि हातानं दगड उपसून त्यांनी गावातली माणसं बाहेर काढली, जिती आणि मेलेली. त्या दिवशी कुणाचा हात कुणाला चालत नाही, असं कुणी म्हणालं नाही. आजचा सरपंच तेव्हा शाळकरी पोरगा. त्याला चांगुणानं पायाला धरून ओढून काढलेलं.

मग सरकार आलं, संस्था आल्या. माळावर कोरा कागद पसरावा तशी कोरी जमीन होती. एकसुद्धा घर नाही, एकसुद्धा कुंपण नाही. त्या कोऱ्या जमिनीवर नकाशा काढणाऱ्यानं रुंद रस्ते आखले, चौक आखले, पंचायत आखली, आणि सगळ्यात शेवटी, मोकळी जागा सोडून पलीकडं, पुन्हा वस्ती आखली. भूकंपानं जे मोडलं ते पेन्सिलीनं पुन्हा बांधलं. त्या मोकळ्या जागेत पुढं बाग होणार होती. बाग झाली नाही. मेलेल्यांच्या नावांचा एक दगडी खांब तेवढा झाला, त्यावर एक दिवा. खांबावर सगळ्यांची नावं आहेत, वस्तीतली तळाला.

वस्तीला घरं दिली ती एका परगावच्या संस्थेनं, गोल घुमटाची. उलटं ठेवलेलं टोपलं जणू. लोखंडी जाळीचा सांगाडा आणि त्यावर सिमेंटचा लेप. कितीही मोठा भूकंप होऊ दे, पडणार नाही. चांगुणा म्हणाली होती, "पडंना का न्हाई पडंना, मी आत निजत न्हाई."

आणि आता त्या न पडणाऱ्या घरात मोबाईलची एक रेघसुद्धा येत नव्हती. दारात उभं राहिलं तर एखादी, अंगणात बाजेपाशी दोन. आत पाऊल टाकलं की शून्य. विशाखाला कारण माहीत होतं. तिनंच तर पोरांना शेकडो वेळा शिकवलं होतं, चारी बाजूंनी धातूची जाळी असली की बाहेरच्या लहरी आत शिरताना मरतात. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. त्या प्रश्नाच्या पोटात बसून ती घाम पुसत होती.

तिनं काय काय केलं नाही! लॅपटॉपच्या कुशीला टेलिफोनच्या वायरचं चौकोनी भोक होतं. गावात एकेकाळी टेलिफोनची लाईन होती, आता नुसते खांब होते आणि खांबांवर कावळे. मग ट्रंकेत तळाशी जुनं डोंगल सापडलं, यूएसबीत खोचायचं. मोबाईलमधलं सिम काढून त्यात घातलं. तांबडा दिवा लुकलुकला, लुकलुकतच राहिला. नांदेडच्या क्लासमधला शारिक नावाचा पोरगेला मॅनेजर सगळ्यांची जोडणी बघायचा, सिम परत मोबाईलमध्ये घालून तिनं त्याला अंगणातून फोन लावला.

"डोंगल? कौनसं डोंगल मॅडम?" शारिक म्हणाला. "थ्रीजीवालं? अरे अल्ला. तुमच्या कंपनीनं थ्रीजी तो कब का बंद केलं. वो म्युझियममधे द्या."

"मग काय करू?"

"मोबाईलचं हॉटस्पॉट लावा ना. सब लोग वहीच करून राहिले."

"लावलं. लॅपटॉपला नावच दिसत नाही त्याचं."

"लॅपटॉप किस साल का हाय?"

विशाखानं सांगितलं. पलीकडून हळूच, "मॅडम, बुरा मत मानो. तुमचा मोबाईल नव्या पट्ट्यावर फेकून राहिला, लॅपटॉपला जुनाच पट्टा ऐकू येतो. सेटिंगमधे जाऊन दोन पॉइंट चारवाला करा."

केलं. नाव दिसलं. विशाखाचा जीव भांड्यात पडला. लॅपटॉपची मोठी बॅटरीही मेलेली म्हणून घरातून वायर ओढून लॅपटॉप अंगणात बाजेवर ठेवला, नेट जोडलं, आणि शारिकला पडद्यावर बोलावलं. शारिकचं तोंड अर्धं उघडलेलं तसंच अडकलं. पुन्हा हललं, पुन्हा अडकलं. आणि मग एकदम सगळंच बंद. बघते तर काय, नेट मिळाल्याबरोबर लॅपटॉपनं उपाशी माणसासारखा हात मारला होता. कैक वर्षांच्या राहिलेल्या दुरुस्त्या तो गुपचूप उतरवून घेत बसला आणि दिवसभराचा डेटा एका घासात संपवला.

विशाखानं लॅपटॉप दाणकन मिटला.

"आपट, आपट," चांगुणा म्हणाली. "मोडला म्हंजी मिटलं सगळं."

"तू गप बस गं माय!"

"मी गपच हाव. तूच सकाळधरनं त्याच्या नावानं बोटं मोडायलीस."

शारिकनं संध्याकाळी फोन केला. "मॅडम, सच बोलतो. सर लई कडक हायत. कल एका सरांचा डेमो झाला, बीचमधे अटकला, तो सरांनी डायरेक्ट कट केलं. आपके गाव में फायबर नहीं है क्या? पंचायतीत असतो ना."

होता. पंचायतीत फायबर आला होता. आणि पंचायतीत सिद्रामप्पा होता.

सिद्रामप्पा पंचायतीचा संगणक चालवायचा, कंत्राटावर. शाळेत विशाखाच्या दोन वर्ग पुढं. त्याची पोरगी नीलम्मा लातुरात विशाखाच्याच नापासांच्या बॅचला होती आणि गेल्या वर्षी मेडिकलला लागली होती. माणूस वाईट नाही. पण काही माणसांचा चांगुलपणा आजूबाजूला कोण बघतंय यावर ठरतो, त्यातला हा. फोन केल्यावर आला, रस्त्याच्या पलीकडं उभा राहिला आणि तिथूनच ओरडला, "बोला मॅडम!"

"आप्पा, पंचायतीतनं माझ्या घरापर्यंत केबल ओढता येईल का?"

"आँ?"

"केबल! लॅनची! माझ्या लॅपटॉपला तिचं भोक हाय!"

हे खरं होतं. नव्या बारीक लॅपटॉपना ते जाडं भोक नसतंच. हे थोराड यंत्र जेव्हा बनलं तेव्हा असायचं. सगळीकडं लाज आणणारं त्याचं म्हातारपण एकाच ठिकाणी कामाला येणार होतं. आणि तार घुमटाच्या आत शिरते. तारेला जाळी अडवत नाही.

सिद्रामप्पानं मान खाजवली. "केबलचं भेंडोळं हाय एक, शाळंच्या कामातलं उरलेलं. पर सरपंचाला इचारावं लागंल."

"विचारा."

"इचारलं तर न्हाई म्हणतील."

"मग विचारू नका."

हे त्याला पटलं. दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर तो भेंडोळं घेऊन आला. ठिबकच्या जुन्या नळीतून केबल ओवत, रस्त्याच्या कडेनं, मोकळी जागा ओलांडत, नावांच्या खांबाशेजारून. वस्तीच्या रस्त्यापाशी आल्यावर त्यानं केबलचं टोक जमिनीवर ठेवलं, चार पावलं मागं सरला आणि म्हणाला, "घ्या मॅडम."

विशाखा पुढं झाली, वाकली, टोक उचललं. जुन्या गावात तिची आजी अशीच ओंजळ धरून उभी राहायची आणि वरून कुणीतरी पाणी ओतायचं. तिला ते आठवायचं नव्हतं. आठवलं.

केबल घुमटाच्या झरोक्यातून आत घेतली, लॅपटॉपला लावली. भोकाशेजारचा हिरवा दिवा काही पेटेना.

शारिकला फोन. "कितनी लांब हाय केबल?"

"असेल दीडशे-पावणेदोनशे मीटर."

"मॅडम, शंभरच्या वर नाही चालत वो. बीचमधे एक डबी लावावी लागते. एका बाजूनं केबल आली, दुसऱ्या बाजूनं दुसरी गेली, बीचमधे डबी जोर देते. डबीला करंट पाहिजे, बस."

विशाखानं कपाळावर हात मारून घेतला. शंभर! फिजिक्सची मास्तरीण, आणि हे डोक्यात आलं नाही. आणि ते शंभर ओलांडायला लावलं कुणी? जुन्या गावात या घरातला विस्तव त्या घरात पळीनं नेता यायचा. आता कागदावर आखलेली मोकळी जागा आडवी आलेली. पंचवीस वर्षांनीसुद्धा ती जागा तिचं काम चोख करत होती.

डबी सिद्रामप्पाकडं होती, पंचायतीत धूळ खात पडलेली. करंट? मोकळ्या जागेत घर नाही, दार नाही. पण नावांच्या खांबावर दिवा होता. दिव्याची वायर होती. सिद्रामप्पा खांबाच्या चौथऱ्यावर चढला. दिव्याच्या वायरीतून जोड काढून त्यानं डबी लावली आणि पावसाला नको म्हणून वरून प्लास्टिकची पिशवी बांधली. दिवेलागण झालेली. गावातले दिवे लागले होते, खांबावरचा लागला होता, आणि विशाखाच्या लॅपटॉपवर हिरवा ठिपका टकटक डोळे मिचकवू लागला.

तिनं तारीख घातली, साल घातलं, वेळ घातली. पडद्यावर शारिक आला, अख्खाच्या अख्खा, मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरसकट. हलतोय, बोलतोय, कुठं अडकत नाही.

"वाह मॅडम! एकदम मक्खन!"

रस्त्यापलीकडून सिद्रामप्पानं हात वर केला. चांगुणानं लांबूनच विचारलं, "आप्पा, चहा ठिऊ का?" तो म्हणाला, "नगं मावशी, उशीर झालाय." चांगुणा हसली. तिला माहीत होतं तो काय म्हणेल.

सोमवारी विशाखानं इस्त्रीची साडी नेसली, मागची भिंत पुसली, सगळं मांडलं. पावणेअकराला लॅपटॉप उघडला. हिरवा दिवा नाही.

केबल काढली, घातली. फुंकली. पुन्हा घातली. नाही. मोबाईल घेऊन ती दारात आली. एक रेघ.

"आप्पा, तुमच्याकडं नेट हाय का?"

"हाय की. भुंगाट चालायलंय."

"मग माझ्याकडं नाही. खांबावर जाऊन बघा, पळा!"

पाच मिनिटांनी फोन. सिद्रामप्पा धापा टाकत होता. "मॅडम, डबी मेलीय. करंट न्हाई."

"करंट नाही कसा? माझ्या घरात पंखा फिरतोय!"

"घरात हाय. खांबाला न्हाई." म्हणता म्हणता त्याच्या आवाजातला जीवच गेला. "मॅडम… ह्ये खांब सडकंच्या दिव्याच्या लाईनीवर हाय. ती लाईन सांजंच्याला पंचायतीतला खटका दाबल्यावर येती. दिवसा बंद असती."

दोघंही शिकलेले. एक संगणक चालवणारा, एक वीज शिकवणारी. आणि दोघांनीही दिवे लागल्यावर जोडणी केली, दिवे लागल्यावर बघितली, आणि दिवसा अकराला सूर्य असतो हे कुणाच्या डोक्यात आलं नाही!

"मग दाबा खटका."

"आता? सगळ्या गावचे दिवे लागतील मॅडम."

"लागू द्या."

"भर उन्हात? लोक काय म्हणतील? सरपंच—"

"आप्पा," विशाखा म्हणाली, "नीलम्मा तीन वेळा रडत माझ्या खोलीवर आली होती. मी तिला लोक काय म्हणतील हे सांगितलं नाही."

फोन बंद झाला. विशाखा दारात उभी राहिली, नजर खांबावर. काही नाही. काही नाही. आणि मग उन्हात, दिसला न दिसलासा, खांबावरचा दिवा पेटला. त्याच्यामागं रस्त्याचे पेटले, चौकातले पेटले. कारळ्याचे सगळे दिवे सकाळी अकराला लख्ख उन्हात पेटले. आत हिरवा ठिपका मिचकला.

नांदेडचे सर पडद्यावर आले. चष्मा, पांढरा शर्ट, मागं ट्रॉफ्यांचं कपाट. "हं मॅडम, करा सुरू. इलेक्ट्रोस्टॅटिक्स."

विशाखानं सुरू केलं. पहिलं वाक्य बोलली आणि सगळी तारांबळ पुसून गेली. हेच एक काम तिला येत होतं आणि ते असं येत होतं की कुणी हात धरू नये. तिनं पेननं पडद्यावर गोल काढला. "मुलांनो, मी आत्ता ज्या घरात बसलेय ते घर असंय. वर घुमट, सिमेंटच्या आत लोखंडाची जाळी. माझा मोबाईल बाहेर चालतो, आत चालत नाही. का? पुस्तक मिटा आणि मला सांगा." सर खुर्चीत पुढं सरकले. ती बाणांनी लहरी काढत होती, जाळीवरचे इलेक्ट्रॉन कसे सरकतात ते काढत होती, आणि आतल्या पोकळीत भलंमोठं शून्य लिहायला तिनं पेन टेकवलं, तोच सर अडकले. तोंड उघडं, बोट हवेत.

हिरवा ठिपका गेला.

ती दारात धावली. सिद्रामप्पाचा फोन वाजतच होता. "मॅडम, सरपंच आले. बंद केलं त्यांनी. मी काय करू, माझी कंत्राटी नोकरी हाय…" मागं आवाज ऐकू येत होता, "कुणाच्या बापाची लाईट हाय रे ही? दिवसाढवळ्या दिवाळी कराय लागलाव? कुणाला पायजे नेट? वस्तीला?"

तेवढ्यात मधेच शारिकचा फोन. "मॅडम, सर थांबलेत. दस मिनिट, बस. उसके बाद दुसऱ्या सरांचा डेमो हाय. जल्दी करो."

दहा मिनिटं. एवढी लांब वायर निलंग्याशिवाय मिळायची नाही आणि तिथली दुकानं बंद. विशाखानं कपाळ दाराच्या चौकटीला टेकवलं. रडू येत नव्हतं. आलं असतं तर बरं झालं असतं. चौकटीवर तिनं मूठ आपटली, पुन्हा आपटली. न पडणारं घर. जरासुद्धा हललं नाही.

"खटका कुठं हाय तो?" मागून चांगुणानं विचारलं.

"कुठला?"

"दिव्याचा गं."

"पंचायतीच्या भिंतीला. दारातनं आत गेलं की डाव्या अंगाला. पण माय, आपल्याला बाहेर…"

चांगुणा बाजेवरून उठलीच होती. पदर खोचला, काठी घेतली आणि निघाली. रस्ता ओलांडला. मोकळी जागा ओलांडली. नावांच्या खांबापाशी नेहमी थांबायची, आज थांबली नाही.

विशाखानं सिद्रामप्पाला पुन्हा फोन लावला. त्यानं उचलला, पण बोलला नाही. फोन हातातच धरून उभा असावा. तिला सगळं ऐकू येत होतं.

आधी कालवा. मग एकदम कुणीतरी, "अर्रर्र, मागं सरा, मागं सरा! शिक्क्यावाली हाय ती!"

मग सरपंचाचा आवाज. "ए चांगुणे! भाईर कशी आलीस? नियम कळतो का तुला?"

"नियमच दावाय आले," चांगुणा म्हणाली. "ह्यो बघ शिक्का. अजून पुसला न्हाई. तुमीच मारलाय."

"मागं हो!"

"खटका कंचा रं आप्पा? ह्यो का?"

खट्. दारातून विशाखाला खांबावरचा दिवा दिसला.

"हात काढ त्याच्यावरचा! कुणीतरी काढा रे तिला तिथनं!"

"काढा की," चांगुणा म्हणाली. "धरा हाताला आन् काढा. लावा हात. कोण लावतंय? तू लावतूस? तू? का तू रं, पत्तेवाल्या?"

कुणीच हललं नाही. फोनमधून नुसते चपलांचे आवाज येत होते, मागं मागं सरणारे.

आत हिरवा ठिपका मिचकायला लागला होता. विशाखानं फोन बंद केला, खुर्चीवर बसली. सर परत आले. "मॅडम, काय झालं होतं?"

"लाईन गेली होती सर," ती म्हणाली आणि पोकळीत शून्य लिहिलं. "तर, सगळा भार कुठं बसतो? बाहेरच्या अंगावर."

राहिलेला वेळ ती बोलत राहिली आणि एकदाही चित्र अडकलं नाही.

दुपारी शारिकचा फोन आला. "मॅडम, मुबारक हो! सर बोले, यही चाहिये. उद्यापासून रोज अकरा ते एक. बस, कनेक्शन असंच ठेवा, हौ?"

"हौ," विशाखा म्हणाली. आनंद व्हायला हवा होता. झाला असेल कुठंतरी आत. वर मात्र नुसता संताप होता, आणि थकवा. रोज. म्हणजे रोज अकराला माय काठी घेऊन जाणार?

संध्याकाळी सिद्रामप्पा रस्त्यापलीकडं येऊन उभा राहिला. त्याची नजर वर होईना.

"मॅडम, सरपंचानं वायरमनला बोलावलंय. खांबाला दिवसाची येगळी लाईन द्या म्हणाले. डबी ऱ्हाऊ द्या म्हणाले."

"कशी काय दया आली?"

"दया न्हाई. म्हणाले…" तो चाचरला. "म्हणाले, पायजे ती लाईन द्या, पर त्या बाईला म्हणावं पंचायतीत पाऊल टाकू नगं."

विशाखा हसली. वस्तीला रस्त्यावरचे दिवे हवेत म्हणून बारा वर्षांपूर्वी तिनंच अर्ज लिहून दिला होता. दिवे आले नाहीत. मागून काही मिळालं नाही, आणि जे मिळालं ते लांब राहावं म्हणून.

"मिळालं न्हवं?" बाजेवरून चांगुणा म्हणाली. "तू शिकीव."

दुसऱ्या दिवशी विशाखानं लॅपटॉप उघडला. एक जानेवारी दोन हजार सात. तिनं तारीख घातली, साल घातलं, वेळ घातली. हिरवा ठिपका होता. पडद्यावर एकेक पोरगं येऊ लागलं. उदगीरचं, देवणीचं, जळकोटचं, विष्णुपुरीचं.

बाहेर चांगुणा पदर खोचत होती.

"आता कुठं निघालीस माय? लाईन दिली ना त्यांनी."

"दिली. काढून घ्यायला किती येळ लागतोय?" तिनं काठी उचलली. "तुजं हुईस्तवर बसते जाऊन तिथं, पंचायतीच्या पायरीवर. शिक्का हाय तवर कोण उठीवतंय."

"आणि शिक्का पुसल्यावर?"

चांगुणानं हात उलटा करून बघितला. शाई फिकट झाली होती, कडा उडाल्या होत्या.

"तवाच्या तवा बगू," ती म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.